क्रमांक पुढचा, माल मागचा
(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)



कामोठ्यातल्या एका संगणक वर्गाची प्रयोगशाळा मी सांभाळतो. तीस संगणक आहेत आणि सगळ्यांवर डेबियन ही लिनक्स प्रणाली आहे. एखाद्या सॉफ्टवेअरची सुधारित आवृत्ती आली की तीच फाइल इंटरनेटवरून तीस वेळा उतरवणे परवडत नाही. म्हणून एका संगणकावर आम्ही स्थानिक भांडार ठेवले आहे. तो बाहेरून एकदाच माल आणतो, बाकीचे त्याच्याकडून घेतात. घाऊक बाजार आणि कोपऱ्यावरचे किराणा दुकान म्हणा ना!

मात्र इथले गिऱ्हाईक माल पारखत नाही, पुडक्यावरचा आवृत्ती क्रमांक तेवढा बघते. आपल्याकडच्यापेक्षा मोठा असला तरच घेते. हा क्रमांक दशांशासारखा वाचायचा नसतो. १.९ नंतर १.१० येतो. शाळेच्या गणिताला हे पटणार नाही, पण सातबारा हाताळलेल्यांना पटेल. सर्व्हे नंबरचा नववा हिस्सा झाला की पुढचा दहावाच.

या नियमाची कसोटी मार्च २०२४ मध्ये लागली. फाइली आवळून लहान करणाऱ्या ‘एक्सझेड’ या सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी चोरदरवाजा बसवला होता. दूरच्या संगणकात प्रवेश करताना अर्धा सेकंद जास्त का लागतो, या शंकेपायी आन्द्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने तो शोधून काढला आणि २९ मार्चला जगाला सावध केले. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत तो शिरला नव्हता, चाचणीच्या शाखांत मात्र शिरला होता. तिथल्या संगणकांना जुन्या, निर्धोक ५.४.५ वर आणायचे कसे? ती भांडारात ठेवली तरी संगणक म्हणणार, माझ्याकडे हिच्याहून मोठी आहे. तेव्हा डेबियनने क्रमांक दिला, ‘५.६.१+रिअली५.४.५’. क्रमांकाने ५.६.१ च्या पुढची, आतून ५.४.५! ऐकून हसू येते, पण मागे जाण्यासाठीही क्रमांक पुढेच न्यावा लागतो.

आमच्या छोट्या भांडारालाही हेच लागू. मराठी टंकलेखनाच्या एका पॅकेजमध्ये आम्ही कळफलकाची मांडणी थोडी बदलतो. बदल केला की क्रमांकाच्या शेवटी ‘+लोकल१’ जोडायचे, म्हणजे २.४-१ चे २.४-१+लोकल१ होते. उद्या मूळ भांडारातून २.४-२ आली तर ती आपोआप वरचढ ठरते. क्रमांक न बदलता आतला माल बदलला तर दोन संगणकांवर एकच क्रमांक आणि वेगळे वागणे. मग बिघाड शोधायचा कुठे?

भांडार ताजे करताना क्रमही सांभाळावा लागतो. आधी नव्या फाइली आणायच्या, त्या पूर्ण आल्या की यादी बदलायची आणि जुन्या फाइली सर्वांत शेवटी काढायच्या. यादी आधी बदलली आणि मध्येच वीज गेली, तर यादीत नाव आहे पण फाइल नाही. ऐन प्रात्यक्षिकाच्या सकाळी हे झाले तर मुलांना काय सांगणार?

जुन्या आवृत्त्या किती ठेवाव्यात, याबद्दल मतभेद आहेत. आम्ही प्रत्येकाची मागची एक ठेवतो. त्याहून जुनी हवी असेल तर डेबियनचे ‘स्नॅपशॉट’ नावाचे संग्रहालय आहे. २००५ पासूनची पॅकेजे तिथे तारीखवार ठेवलेली आहेत.