बेताच्या खर्चातले पिस्तूल



2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकर हिने दहा मीटर एअर पिस्तुलात कांस्यपदक मिळविले; सरबज्योत सिंग याच्या जोडीने मिश्र सांघिक प्रकारात तिने आणखी एक मिळविले; आणि कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने रायफलच्या प्रकारात तिसरे आणले. कोल्हापूर आम्हां बेळगावकरांना परके नाही. राही सरनोबत आणि तेजस्विनी सावंत ही कोल्हापूरचीच नावे आमच्या घरांतून पूर्वीपासून घेतली जात आहेत. तेव्हा त्या पदकांनंतर माझ्यासारख्या शाळामास्तराकडे पालक येऊ लागले, यात नवल नाही. प्रश्न बहुधा एकच असतो : "सर, मुलीला नेमबाजीचा नाद लागला आहे. पिस्तूल घ्यावे म्हणतो. पण बेताच्या किंमतीचे. कोणते घ्यावे?"

ह्या प्रश्नामागे महिन्याच्या पगारातून बाजूला काढलेले पैसे असतात, आणि ते एकदाच खर्चावयाचे असतात. म्हणून त्याचे उत्तर जबाबदारीने दिले पाहिजे.

प्रथम कायद्याचे दोन शब्द. पॉइंट टू-टू, म्हणजे खऱ्या काडतुसाचे पिस्तूल, परवान्यावाचून घेता येत नाही, आणि विरंगुळ्यासाठी नेमबाजी करू पाहणाऱ्या माणसाने त्या वाटेला आरंभीच जाऊ नये. पिस्तुलाची किंमत, परवान्याची खटपट, काडतुसांचा नित्य खर्च आणि सरावाला लागणारी विशेष रेंज ही सगळीच प्रकरणे खर्चिक आहेत. त्याउलट 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे, ज्या हवेच्या पिस्तुलाची नळी 4.5 मिलिमीटरहून मोठी नाही आणि ज्याची ताकद 20 जूलहून अधिक नाही, त्याला परवाना लागत नाही. दुकानदार ओळखीचा, वयाचा व पत्त्याचा पुरावा मागतो; तो त्याने मागितलाच पाहिजे. आखातात असलेल्या मामाला सांगून येताना सामानात एखादे आणवावे, असा विचार आमच्याकडे व गोव्यात पुष्कळांच्या मनात येतो. तो सोडून द्यावा. आयातीचे नियम निराळे आणि कडक आहेत.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न बहुतेक लोक विचारतात तो असा की, "ह्याची ताकद किती?" दुकानदारही मोठ्या हौसेने सांगतो की, ह्याचा छर्रा डबा आरपार भोसकतो. वास्तविक दहा मीटरच्या खेळात ताकदीला काहीही किंमत नाही. स्पर्धेच्या पिस्तुलातून अर्धा ग्रॅम वजनाचा छर्रा सेकंदाला सुमारे दीडशे मीटर वेगाने निघतो. हिशेब केला तर ती ताकद सहा जूलच्या आतबाहेर भरते. कायद्याने जेवढी मुभा दिली आहे, तिच्या तिसऱ्या हिश्श्यात जगज्जेते आपले काम भागवितात. कागदाला भोक पाडावयाचे आहे, भिंतीला नव्हे!

मग पैसे कशासाठी द्यावयाचे? त्यासाठी थोडे गणित पाहू. मी गणिताचा शिक्षक असल्याने तेवढी मोकळीक श्रोते मला देतील. दहा मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ 11.5 मिलिमीटर व्यासाचे असते. आपल्या रुपयाच्या नाण्याच्या साधारण निम्मे. पिस्तुलाच्या पुढच्या टोकावर एक माशी असते आणि मागे एक खाच. खाचेच्या बरोबर मध्यावर माशी दिसली पाहिजे. ह्या दोहोंमधील अंतर सुमारे तीस सेंटीमीटर असते, असे धरू. आता समजा, पिस्तूल सरळच राहिले, पण हात सबंधच्या सबंध पाच मिलिमीटर डावीकडे सरकला. छर्राही पाचच मिलिमीटर डावीकडे लागेल, आणि दहा गुण तरीही मिळतील. पण हात जागीच राहून चाप ओढताना मनगट किंचित वळले आणि माशी खाचेत केवळ एक मिलिमीटर बाजूला गेली, तर? तीस सेंटीमीटरला एक मिलिमीटर, म्हणजे दहा मीटरला तेहतीस मिलिमीटर. दहाचा नेम सहावर गेला.

ह्या एवढ्याशा त्रैराशिकात पिस्तूल निवडण्याचे सारे शास्त्र आहे. हाताचा कंप हा नेमबाजीचा मोठा शत्रू, असे नवशिक्यास वाटते. पण कंप बहुतांशी क्षम्य असतो. चाप ओढतेवेळी बसणारा हिसका क्षम्य नसतो. म्हणून थोडे पैसे असतील, तर ते ज्या पिस्तुलाचा चाप चांगला आहे आणि ज्याची मूठ हाताला बसते, त्याच्यावर खर्च करावेत. चकाकी, नक्षी, डबी, दुर्बीण ह्यांवर एक पैसाही घालू नये.

चाप चांगला म्हणजे कसा? स्पर्धेच्या नियमाने त्यावर निदान पाचशे ग्रॅमचा भार असावा लागतो. चांगला चाप दोन टप्प्यांत चालतो. आधी थोडे मोकळे अंतर, मग एक स्पष्ट अडथळा, आणि त्यानंतर बोटाला कळण्यापूर्वीच सुटका. वाईट चाप चिखलातून पाय ओढावा तसा रखडत येतो, आणि सुटतो तेव्हा सगळा पंजा हादरतो. दुकानात हे पाच मिनिटांत समजते, पण दुकानदाराला विचारल्याशिवाय रिकामे पिस्तूल चालवू नये. स्प्रिंगच्या पिस्तुलात छर्रा नसला, तर दट्ट्या पुढे जाऊन आपटतो आणि ते बिघडते.

स्प्रिंगचा उल्लेख आला, तेव्हा पिस्तुलांच्या जाती सांगणे प्राप्त आहे. सर्वांत स्वस्त ती स्प्रिंगची. आपल्या देशात होणारी पुष्कळशी ह्याच जातीची आहेत. नळी मोडून स्प्रिंग ताणावी लागते. चाप ओढला की जड दट्ट्या धावत सुटतो व त्याच्या पुढची हवा दाबून छर्रा ढकलतो. अडचण ही की, छर्रा नळीबाहेर पडण्याच्या आतच त्या दट्ट्याचा धक्का हाताला पोहोचतो. जर्मनीच्या फाइनवेर्कबाऊ कारखान्याने 1965 साली आपल्या प्रसिद्ध 65 क्रमांकाच्या पिस्तुलात हा धक्का गिळून टाकण्याची युक्ती केली. पण ते स्वस्त पिस्तूल नव्हे. स्वस्त स्प्रिंगच्या पिस्तुलात धक्का पुरतेपणी खेळाडूच्या मनगटात येतो.

दुसऱ्या टोकाला ऑलिंपिकमधली पिस्तुले आहेत. त्यांच्या नळीखाली दोनशे बार दाबाच्या हवेचे नळकांडे असते. धक्का जवळजवळ नाही, चाप लोण्यासारखा, आणि किंमत लाखाच्या घरात किंवा तिच्याही वर. शिवाय नळकांडे भरावयाचे कोठे, हा प्रश्न लहान गावात उरतोच. आणि महाग वस्तूही बिघडते. 2021 साली टोकियो येथे झालेल्या ऑलिंपिकमध्ये ह्याच मनू भाकरच्या पिस्तुलात पात्रता फेरी चालू असताना बिघाड झाला. दुरुस्तीत अमूल्य वेळ गेला आणि अंतिम फेरी हुकली.

ह्या दोहोंच्या मधली जी जात, तीच बेताच्या खर्चाच्या माणसाची, असे माझे मत आहे. तिच्यात तरफ एकदा उघडून मिटली की ठरावीक हवा आत दाबली जाते. दर वेळी तेवढीच हवा, म्हणून छर्ऱ्याचा वेगही दर वेळी तोच. धावणारा दट्ट्या नाही, म्हणून धक्काही नाही. बाहेरून काही भरावे लागत नाही. रशियातील इझेव्स्क येथे तयार झालेले बैकल छापाचे आयझेडएच-46 हे ह्या जातीचे जगन्मान्य उदाहरण. ते दिसावयास ओबडधोबड, लांब नाकाचे. पण त्याचा चाप हवा तसा जुळविता येतो, मूठ लाकडाची आहे, आणि नेमाच्या बाबतीत ते त्याच्या कितीतरी पट किंमतीच्या पिस्तुलांच्या पंक्तीला बसते. जर्मनीच्या वायराउखचे एचडब्ल्यू-40 हे त्याहून लहान, हलके व फायबरच्या अंगाचे. त्याचा वरचा भाग उचलून पुन्हा मिटावा लागतो, आणि त्याला बरीच ताकद लागते. मुलासाठी घ्यावयाचे असेल, तर ते त्याच्याकडूनच सलग वीस वेळा उघडमीट करवून पाहावे.

हे मी आग्रहाने सांगतो, त्याला कारण आहे. आमच्या शाळेतील एका मुलीला तिच्या वडिलांनी मोठ्या कौतुकाने स्प्रिंगचे, भरपूर ताकदीचे पिस्तूल आणून दिले. त्यांचा व्यवसाय बेकरीतल्या कामाचा. दोन दिवाळ्यांचा बोनस त्यात गेला. नळी मोडताना मुलीला पिस्तूल गुडघ्यावर टेकवावे लागे. दहा छर्ऱ्यांनंतर हात थरथरू लागे, आणि कागदावर भोके अशी विखुरत की, जणू मूठभर ज्वारी फेकली आहे. तीन महिन्यांनी तिने स्वतःच निकाल लावला की, आपल्या अंगी हा गुण नाही. पुढे एका क्लबात तिच्या हातात तरफेचे एक जुने पिस्तूल दिले गेले, तेव्हा पाचपैकी चार छर्रे काळ्या भागात बसले. मुलगी हसली नाही, रडू लागली. वडिलांचे पैसे वाया गेले, हे तिला त्या क्षणी उमगले असावे. आज ती क्लबाच्याच पिस्तुलावर सराव करते. पण तिच्यासारखी दुसरी एखादी मुलगी त्या क्लबापर्यंत पोहोचलीच नसती.

तेव्हा माझी पहिली सूचना हीच की, पिस्तूल घेण्यापूर्वी दोन महिने क्लबात जावे आणि तेथील पिस्तुले हाताळावीत. ह्या काळात बोटांना जे शिक्षण मिळते, ते दुकानदाराच्या तोंडून मिळत नाही. जुने पिस्तूल विकणारा खेळाडूही तेथेच भेटतो. जुने घेण्यात कमीपणा नाही. फक्त पिस्तूल वाळूच्या पिशवीवर टेकवून दहा मीटरवरून पाच छर्रे झाडून पाहावेत. पाचही एकमेकांना खेटून पडले पाहिजेत. ते मध्यावर नसले तरी चालेल, माशी-खाच सरकवून मध्य साधता येतो. पण पुंजका पसरलेला असेल तर ते पिस्तूल सोडून द्यावे. हवा धरणारे वायसर झिजतात. ते आपल्याकडे मिळतात काय, हे पैसे देण्याआधी विचारावे. आणि हवेच्या नळकांड्याचे जुने पिस्तूल कोणी स्वस्तात देऊ केले, तर नळकांड्यावरील तारीख वाचावी. पुष्कळ कारखाने त्याची मुदत दहा वर्षांची ठरवितात. मुदत संपलेले, दोनशे बार दाबाचे नळकांडे घरात आणणे हा बचतीचा मार्ग नव्हे.

मुठीविषयी एवढेच की, ती हातमोज्यासारखी बसावी. स्पर्धेत पिस्तूल एकाच हाताने धरावे लागते, त्यामुळे सैल मूठ दर वेळी निराळी धरली जाते. लाकडी मूठ असेल तर कानस व पॉलिशपेपर घेऊन ती हाताजोगी करता येते. शेजारचा सुतार हे काम चहाच्या मोबदल्यात करील. डावखुऱ्या मुलाला उजव्या हाताची मूठ देऊ नये. वजनाला नियमाने दीड किलोची कमाल मर्यादा आहे, पण बारा वर्षांच्या मुलाला किलोभरही जड जाते. हात ताठ ठेवून अर्धा मिनिट धरता आले पाहिजे.

खऱ्या पिस्तुलाची हुबेहूब नक्कल असलेली, कार्बन डायऑक्साइडच्या नळकांडीवर चालणारी पिस्तुलेही बाजारात दिसतात. मुलांना ती फार आवडतात. त्यांतील पुष्कळ पोलादी गोळ्या उडवितात आणि त्या गोळ्या कठीण पृष्ठावरून उलटून तोंडावर येतात. शिवाय रस्त्यात तसले पिस्तूल हातात दिसले, तर पोलीस शिपायाला ते नकली आहे हे दुरून कसे कळावे? ह्या खेळाला त्यांचा उपयोग नाही.

पिस्तुलात सगळे पैसे घालू नयेत. त्यांतील काही भाग छर्ऱ्यांसाठी राखावा. चपट्या डोक्याचे छर्रे घ्यावेत. ते कागदाला स्वच्छ गोल भोक पाडतात, म्हणून गुण मोजताना भांडण होत नाही. पाचशेची डबी, दिवसाला साठ छर्रे धरले, तर आठ दिवस पुरते. त्यामुळे कोरा सराव शिकून घ्यावा. तरफेच्या कित्येक पिस्तुलांत हवा न भरता नुसता चाप चालविण्याची सोय असते. पांढऱ्या भिंतीसमोर उभे राहून, माशी-खाचेवर डोळा ठेवून, चाप सुटताना माशी हलते की काय, हे पाहत राहावे. ह्याला दमडी लागत नाही, आणि मोठमोठे खेळाडूही तो नित्य करतात.

घरी छर्रे झाडावयाचे असतील तर दहा मीटर, म्हणजे तेहतीस फुटांची मोकळी जागा हवी. जुन्या वाड्यांची ओसरी किंवा गोव्याकडच्या घरांचे परसू एवढे असते. फ्लॅटमध्ये ते नसते, आणि गॅलरीतून तर कदापि नेम धरू नये. लक्ष्याच्या मागे छर्रे अडविणारी पत्र्याची पेटी असावी, बाजूला दार नसावे, आणि प्रत्येकाच्या डोळ्यांवर चष्मा असावा. सहा जूलचा छर्रा डोळा घालविण्यास पुरेसा आहे. कावळ्या-चिमण्यांवर तो झाडणे क्रौर्याचे तर आहेच, शिवाय वन्यजीव संरक्षण कायदाही आड येतो. छर्रे शिशाचे असतात, म्हणून सराव झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय खाण्याला स्पर्श करू नये. पिस्तूल एका कपाटात, छर्रे दुसऱ्यात, आणि दोन्ही किल्ल्या आई-वडिलांकडे असाव्यात.