पाच नद्यांचा प्रदेश आणि वेदनायगम शास्त्री



तंजावरपासून सुमारे तेरा किलोमीटर अंतरावर कावेरीच्या काठी तिरुवैयारु हे गाव आहे. तमिळमध्ये ‘ऐ’ म्हणजे पाच आणि ‘आरु’ म्हणजे नदी. आरंभीचे ‘तिरु’ हे आपल्या ‘श्री’सारखे आदरदर्शक. पंचनदांचे हे क्षेत्र साऱ्या देशाला परिचित आहे ते संत त्यागराजांमुळे. 1847 साली त्यांनी येथेच देह ठेवला. हा मुलूख मराठी माणसाला परका नाही. व्यंकोजीराजांपासून 1855 पर्यंत तंजावरच्या गादीवर भोसले कुळाची सत्ता होती, आणि बृहदीश्वराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी कोरविलेला मराठी शिलालेख आजही वाचता येतो.

ख्रिस्ती घरातील हुशार मुलामुलींना शाळा-महाविद्यालयाच्या वयात एक प्रश्न हटकून पडतो. अभ्यासाचा व्याप वाढतो, विज्ञान नवी दृष्टी देते, नद्या व डोंगर वाचविण्याच्या चळवळी हाका मारतात. या सर्वांत प्रार्थनेची जागा कोणती? रविवारचा एक तास, की मधला खांब? दोन शतकांपूर्वी याच कावेरीच्या खोऱ्यात हा प्रश्न एका माणसाने आयुष्यभर वागविला. त्यांचे नाव वेदनायगम शास्त्री.

शास्त्रींचा जन्म 1774 साली तिरुनेलवेली येथे झाला. बाराव्या वर्षाच्या सुमारास त्यांना जर्मन मिशनरी ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ यांनी तंजावरला आणले. श्वार्ट्झ यांच्याच छत्राखाली आणखी एक मुलगा वाढत होता: तुळजाजीराजांनी 1787 मध्ये दत्तक घेतलेला सरफोजी. एक पुढे कवी झाला, दुसरा राजा. राजा ख्रिस्ती झाला नाही, आणि श्वार्ट्झ यांनी त्यासाठी जबरदस्ती केली नाही. 1798 साली श्वार्ट्झ वारले, तेव्हा सरफोजींनी शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून त्यांचे संगमरवरी स्मारक घडवून घेतले. गुरूच्या मृत्युशय्येजवळ त्याचा हात हाती धरून उभा असलेला राजा त्यात कोरलेला आहे. धर्म निराळा असूनही ऋण मान्य करणारी अशी शिल्पे विरळाच.

शास्त्रींचे पुढील शिक्षण तरंगंबाडी येथे झाले. तेथील मिशनरींच्या घरी बायबलशेजारी दुर्बीण असे आणि वाळविलेल्या पानाफुलांच्या चळती असत. क्रिस्टोफ सॅम्युएल जॉन समुद्रातील मासे जमवून बर्लिनच्या ब्लोख यांच्याकडे पाठवीत. कोकणात ज्यांना ढोमा म्हणतात त्या माशांतील एका प्रजातीचे ‘जॉनियस’ हे शास्त्रीय नाव त्यांच्यावरूनच पडले. योहान पीटर रॉटलर वनस्पती गोळा करीत. आपल्या सह्याद्रीतील शेंद्रीच्या झाडाला जुन्या ग्रंथांत ‘रॉटलेरा’ म्हणत, ते त्यांच्या स्मरणार्थ. धर्मप्रचारासाठी आलेली ही मंडळी मासे आणि पाने मोजीत बसतात, असा आक्षेप त्या काळीही घेतला गेला. आक्षेप अगदीच पोकळ नव्हता, कारण छंद केव्हा धंदा होतो आणि ज्यासाठी तो आरंभिला ते केव्हा विसरले जाते, हे माणसाला कळत नाही.

शास्त्रींनी या प्रश्नाला उत्तर दिले ते काव्यातून. 1800 साली त्यांनी ‘बेथलेहेम कुरवंजी’ रचली. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार. त्यात विरहिणी नायिका असते आणि तिचे भविष्य सांगायला डोंगरांतून आलेली कुरत्ती नावाची स्त्री असते. ती आपले डोंगर आणि आपला देश यांचे वर्णन करते. तिचा नवरा पक्षी धरणारा पारधी. शास्त्रींनी नायिका केली सियोनकन्या देवमोहिनी, नायक बेथलेहेमचा प्रभू, आणि भविष्य सांगणारी कुरत्ती म्हणजे साक्षात श्रद्धा. तिचा पती ज्ञान. या चौकटीत त्यांनी कोपर्निकसची ग्रहमाला आणली, पृथ्वीचा भूगोल आणला. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे शिकल्याने त्यांच्या श्रद्धेला तडा गेला नाही. श्रद्धेलाच त्यांनी वाटाड्या केले आणि साऱ्या विद्येतून फिरविले. सरफोजीराजांच्या नावावर असलेली ‘देवेंद्र कुरवंजी’ही जगाचा भूगोलच सांगते, आणि ती मराठीत आहे. एकाच गुरूच्या दोन शिष्यांनी एकाच नाट्यप्रकारातून, दोन भाषांत, जग समजावून सांगावे, हा योग मराठी शाळांतून अधिक सांगितला जावयास हवा. नोहाच्या तारवावरही शास्त्रींनी एक नाटक रचले. जलप्रलयातून प्रत्येक प्राणिजात वाचविणाऱ्या सुताराची ही कथा त्यांनी पूरप्रवण कावेरीच्या खोऱ्यात बसून सांगितली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

राजाश्रय मात्र फुकट नसतो. सरफोजींनी त्यांना मंदिरातील दैवतावर रचना करण्यास सांगितले आणि शास्त्रींनी ती विनयाने नाकारली, अशी आख्यायिका तमिळ ख्रिस्ती घरांत सांगितली जाते. तिकडे तिरुवैयारूत त्यागराजांनी याच दरबाराचे निमंत्रण परत पाठविल्याचीही आख्यायिका आहे. एकाने राजाचे द्रव्य घेतले नाही; दुसऱ्याने घेतले, परंतु विषय स्वतःचाच ठेवला. दोघांची दैवते भिन्न होती. राजाने कोणावरही राग धरला नाही, हे त्याचे मोठेपण.

तथापि शास्त्रींचे चित्र निव्वळ उजळ रंगाने काढणे अप्रामाणिकपणाचे होईल. 1820 नंतर आलेल्या नव्या मिशनरींनी उपासनेतील तमिळ गीते आणि मंगलप्रसंगीची फुले बंद करू पाहिली, तेव्हा शास्त्रींनी विरोध केला. तो योग्यच होता. परंतु प्रभुभोजनाच्या वेळी सर्व जातींनी एकत्र यावे, या आग्रहालाही त्यांनी तितकाच कडवा विरोध केला. सूर्य मध्यभागी आहे हे मान्य करणाऱ्या या विद्वानाला जात मात्र मध्यावरून हलविता आली नाही. फुलांचा आणि जातीचा वाद एकाच तक्रारीत गुंफला गेला, याचे वाईट वाटते.

आता थोडे नदीविषयी. श्रीरंगमच्या वर कावेरीचे दोन प्रवाह होतात. त्यांतील कोळ्ळिडमचा उतार अधिक असल्याने पाणी तिकडेच ओढले जाऊ लागले आणि तंजावरकडील शेती कोरडी पडू लागली. 1828 च्या सुमारास या कामी आर्थर कॉटन नावाचा तरुण लष्करी अभियंता नेमला गेला. तो निष्ठावंत ख्रिस्ती होता. वाळूत पाया कसा धरावा, हे चोळकालीन कल्लणै बंधाऱ्यावरून शिकल्याचे त्याने मोकळेपणाने मान्य केले. पुस्तकी शिक्षण घेतलेल्या साहेबाला ही कबुली सोपी नसते. 1836 मध्ये कोळ्ळिडमवर वरचा बंधारा झाला आणि पाणी वळले. कंपनीची नजर सारावाढीवर होती, हे खरे. शेतकऱ्याच्या बांधाला पाणी लागले, हेही खरे. ऑगस्ट 2018 च्या पुरात त्या बंधाऱ्याचे नऊ दरवाजे वाहून गेले, तेव्हा नदीतील बेसुमार वाळूउपशाकडे अनेकांनी बोट दाखविले. 2020 मध्ये तमिळनाडूने या त्रिभुज प्रदेशाला संरक्षित कृषिक्षेत्राचा कायदा दिला.

महाराष्ट्रातही असे उदाहरण जवळच आहे. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ मराठीत आणले, हरित वसईसाठी बागायतदारांसमवेत रस्त्यावर उतरले, आणि 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. टेबलावरचे भाषांतर, विहिरीचे पाणी आणि वेदीवरची उपासना ही कामे त्यांनी वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवली नाहीत.

दरवर्षी मेट्टूरचे दरवाजे उघडले की काही दिवसांनी पाणी तिरुवैयारूच्या पुष्य मंडपाच्या पायऱ्यांशी येते. आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी स्त्रिया तेथे नदीची पूजा करतात. पिके हाती आली की त्याच पाण्यावरचे भात आणि केळीचे घड घेऊन ख्रिस्ती शेतकरी चर्चमधील सुगीच्या सणाला जातात. ते धान्य वेदीपुढे मांडले जाते, मग त्याचा लिलाव होतो, आणि तमिळ चर्चमध्ये शास्त्रींची कीर्तने अजून म्हटली जातात.