सारिकाचा खेळ

आज आम्ही आपल्याच जिल्ह्यातल्या एका मुलीविषयी बोलणार आहोत. तिचं नाव सारिका काळे. गाव धाराशिव. तेव्हा त्याला उस्मानाबाद म्हणत.

खो-खो तुम्ही पाहिलाच आहे. आठ गडी रांगेत बसतात. एकाचं तोंड इकडे, तर दुसऱ्याचं तिकडे. नववा गडी पाठलाग करतो. समोरचे तीन गडी पळतीला येतात. पाठलाग करणाऱ्याला रांग ओलांडता येत नाही, मधेच मागे वळता येत नाही. पळणारा मात्र हवा तिकडे वळतो, रांगेतून आरपार जातो. पण नुसतं जोरात पळून भागत नाही, बरं का! हुलकावणी द्यावी लागते. दम टिकवावा लागतो. आणि दम कशावर टिकतो? पोटातल्या भाकरीवर.

सारिकाच्या घरी नेमकी तीच कमी होती. वडिलांचं शरीर साथ देत नव्हतं. त्यांच्या हातून फारसं काम होत नसे. आई शिवणकाम करी. घर चाले ते आजी-आजोबांच्या कमाईवर. जवळजवळ दहा वर्षं सारिका दिवसातून एकदाच जेवली. खेळाचं शिबिर असलं, स्पर्धा असली, की तेवढे दिवस चांगलं अन्न मिळायचं.

मैदानावर तिला नेलं मामांनी. ते स्वतः खो-खो खेळलेले. सारिका तेव्हा १३ वर्षांची होती. या खेळाला ना चेंडू लागतो, ना बॅट. दोन खांब रोवले, चुन्याच्या रेघा मारल्या, की मैदान तयार. गरिबाच्या लेकराला परवडणारा खेळ! तेरा वर्षांची मुलगी म्हटली, की पुष्कळ घरी तिला मैदानावरून घरात आणतात. इथे मामांनी उलटं केलं. आम्हांला त्यांचं मोठं कौतुक वाटतं.

पोर खेळत राहिली. २०१६ साली गुवाहाटीला दक्षिण आशियाई खेळ झाले. तिथे भारताच्या महिला संघाची कप्तान होती आपली सारिका. संघाने सुवर्णपदक जिंकलं.

आता सगळं सुरळीत झालं असेल, असं वाटतं ना? तसं झालं नाही. पदक गळ्यात पडतं, पण त्याने डब्यात पीठ येत नाही. त्याच वर्षी घरची पैशाची ओढाताण इतकी वाढली, की सारिकाने खेळ सोडायचं ठरवलं. मार्गदर्शक चंद्रजित जाधव सरांनी तिची समजूत घातली. ती पुन्हा मैदानावर आली. पुढे सरकारी नोकरी मिळाली. सारिकाताई तुळजापूरला क्रीडा अधिकारी झाल्या. तेव्हा कुठे घराला आधार आला.

२०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला हा मान २२ वर्षांनी मिळाला होता. वार्ताहर विचारायला आले. तेव्हा सारिकाताईंनी त्यांना एका वेळच्या जेवणाचे ते दिवस सांगितले.