पायांनी चव घेणारी आई

विद्यार्थी मित्रांनो,

तुमच्यातले बहुतेक जण शेतकऱ्यांच्या घरातले. म्हणून आज शेतातल्याच एका आईबद्दल बोलतो. लिंबावरचं फुलपाखरू तुम्ही पाहिलं असेल. लिंबू, कढीपत्ता, बेल ही झाडं एकाच कुळातली. मादी त्यांच्याभोवती घिरट्या घालते, पानावर टेकते आणि पुढच्या पायांनी भराभर टकटक करते. त्या पायांवर चव ओळखणारे बारीक केस असतात. चव पटली, तरच ती पोट वाकवून एक अंडं चिकटवते. चुकीच्या पानावर जन्मलेली अळी उपाशी मरेल, म्हणून ही पारख. २०१५ मध्ये महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलेलं ब्ल्यू मॉरमॉनही याच कुळातल्या झाडांवर अंडी घालतं.

कपाशीत मात्र हीच पारख आपल्याला महागात पडते. गुलाबी बोंडअळीचा पतंग रात्री फिरतो. मादी मिशांनी वास घेत कपाशी गाठते आणि हिरव्या बोंडाच्या बुडाशी, आडोशाला अंडी घालते. अळी बोंडात शिरली की छिद्र बुजतं, मग फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून ही लढाई अंड्यापाशीच जिंकावी लागते. फरदड ठेवू नका असं सांगतात तेही यासाठीच; उशिरापर्यंत उभी राहिलेली कपाशी तिला आयतं घर देते.

आपल्या मदतीलाही एक आईच येते. ट्रायकोग्रामा हा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा मित्रकीटक. त्याची मादी पतंगाच्या अंड्यावर चालते, मिशांनी ठोकून त्याचा आकार जोखते, आत आधीच कुणाची अंडी आहेत का तेही तपासते आणि मगच आपलं अंडं आत सोडते. पतंगाच्या त्या अंड्यातून मग अळी निघत नाही, ट्रायकोग्रामाच निघतो. शेतात ट्रायकोकार्ड, म्हणजे अशी अंडी चिकटवलेलं कार्ड, लावतात ते तिच्याच भरवशावर.

मित्रांनो, हे ज्यांनी शोधलं, ते आधी पानाजवळ बसून पाहत राहिले. शहादा-तळोद्याची शेतं आणि धडगाव-अक्कलकुव्याचे डोंगर तुमच्या दारात आहेत. एक वही करा. कोणती कीड, कोणतं झाड, अंडी पानाच्या वर की खाली, महिना कोणता, हे लिहा. आजी त्या किडीला भिली, पावरी किंवा अहिराणीत काय म्हणते, तेही लिहा. आणि घरी फवारणीचा पंप निघण्याआधी वडिलांसोबत पानं उलटून पाहा. जाणून घेतलेलं शेतच नीट राखता येतं.