जुन्या मृत्युपत्रात बायकांची नावं शोधा

(संघाच्या सभेतील भाषण)



गटाचं रजिस्टर आपण जपून ठेवतो. घराचंही एक रजिस्टर असतं, पण त्याची पानं विखुरलेली असतात. त्यातलं एक पान तुमच्या घरी पेटीच्या तळाशी असेल. आज्याचं किंवा पणज्याचं मृत्युपत्र.

वारस लावताना लिहिली जाणारी वंशावळ पुष्कळदा पोरांपाशीच थांबते. मृत्युपत्र लिहिणारा माणूस मात्र घरातल्या सगळ्यांचा विचार करतो. कोणती मुलगी दारव्ह्याला दिली, कोणाचं लग्न राहिलं, विधवा सुनेनं काय खावं, हे तो सांगून जातो. म्हणून वंशावळीतून गळालेली आजी, आत्या तिथे सापडू शकते.

असा कागद मिळाला तर चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका. आधी दोन्ही बाजूंचा फोटो काढा. मोडीत असेल तर जाणकाराकडून वाचून घ्या. मग कोऱ्या कागदावर पिढीवार नावं मांडा: लिहिणारा वर, खाली बायको, मुलं, मुली, सुना. तारीख, साक्षीदार आणि वावराची चतुःसीमा वेगळी उतरवा. धुऱ्यापलीकडचं नाव भावकीतलंही निघू शकतं.

कागदावर ‘जिल्हा वणी’ दिसलं तर घाबरू नका. 1905 पर्यंत आपल्या जिल्ह्याचं तेच नाव होतं. ‘मध्य प्रदेश’ असलं तरी चूक नाही. 1956 मध्ये आपण तिकडून मुंबई राज्यात आलो.

मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही. पण ते नोंदलेलं असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयात नक्कल मिळते. लिहिणारा वारल्यावर त्यासाठी कोणीही अर्ज करू शकतं.

एका कागदावर वंशावळ उभी करू नका. कोतवाल बुकातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी, शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर, 1954-55 चा अधिकार अभिलेख, जुने फेरफार यांच्याशी नावं जुळवा. लेकरांच्या जात पडताळणीलाही हेच कागद कामी येतात. त्यासाठी अनुसूचित जातीला 10 ऑगस्ट 1950, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गाला 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा पाहतात.

आता हक्काचं. हिंदू वारसा कायद्यात 9 सप्टेंबर 2005 पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे. त्या दिवशी बाप हयात नसला तरी हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयानं 11 ऑगस्ट 2020 ला सांगितलं. मात्र 20 डिसेंबर 2004 पूर्वी झालेली विक्री, रीतसर वाटणी किंवा मृत्युपत्रानं लागलेली व्यवस्था या बदलानं मोडत नाही. म्हणून लिहिणारा कधी वारला, ती तारीख आधी पक्की करा. सुनेनं किंवा बायकोनं ‘हयातीपर्यंत खावे’ असं लिहिलं असेल, तर 1956 च्या कायद्यानं तिचा हक्क पूर्ण मालकीचा झाला असू शकतो. प्रत्येक प्रकरण वेगळं असतं, वकिलाला दाखवाच. अनुसूचित जमातींना हा कायदा तसाच लागू होत नाही. गोंड, कोलाम बहिणींनी वेगळा सल्ला घ्यावा.

वकिलाला पैसे कुठून द्यायचे, असं म्हणू नका. तालुका विधी सेवा समितीत बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. भाऊ कितीही मायेचा असला तरी हे विचारल्याशिवाय हक्कसोडपत्रावर सही करू नका. समजून-उमजून सोडायचं असेल तर सोडा, पण न वाचता नाही.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं दोन वंशावळी लिहून आणा, एक माहेरची, एक सासरची. दोन्हींत मुली आणि सुना नावानिशी लिहा. जिथं नाव आठवणार नाही तिथं जागा कोरी ठेवा आणि गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा. तिला विचारायला उशीर करू नका.