जवानाचं घर कुठल्या आळीत?

(नाशिकमध्ये तरुण कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण)

दोस्तहो,

लढाईच्या सिनेमांवर बोला म्हणालात. नाशकात सिनेमाचा विषय निघाला की फाळक्यांचं नाव येतंच. त्र्यंबकला जन्मलेल्या या माणसानं 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढला. कथा काय? राजा वचनापायी राज्य देतो, बायको देतो, पोरगा देतो. म्हणजे आपल्याकडचा सिनेमा जन्मला तोच घरादाराच्या बलिदानाची गोष्ट सांगत. आणि त्या कथेत राजाची शेवटची अवस्था कोणती? मसणवट्यात डोंबाची चाकरी. राजानं चार दिवस केली तर ते सत्त्व. डोंबानं पिढ्यान्‌पिढ्या केली तर तो त्याचा धर्म! बलिदान कुणाचं मोजायचं, हे असं पहिल्यापासून ठरलेलं आहे.

आता चेतन आनंदचा ‘हकीकत’ घ्या. 1964 साली आला, 1962 च्या लडाखच्या लढाईवर. बलराज साहनी, धर्मेंद्र, कैफींची गाणी, मदनमोहनचं संगीत. या सिनेमाची मी टिंगल करणार नाही. विजयाच्या आरोळ्या त्यात नाहीत. मागं हटणाऱ्या, थंडीनं गारठलेल्या पोरांची ती गोष्ट. मरणाच्या दारात ती घर आठवतात, तेव्हा थेटरात भलेभले डोळे पुसतात. मीही पुसलेत.

पण डोळे पुसून झाले की सवाल विचारायचा. या जवानाचं घर कुठल्या आळीत? गावकुसाच्या आत की बाहेर? त्याची माय कुठल्या पाणवठ्यावर जाते? पडद्यावरच्या जवानाला प्रांत असतो, धर्म असतो. जात तेवढी नसते. हा मोठेपणा वाटतो खरा, पण त्यामुळं ज्याला जात लपवता येत नाही त्याचंच घर पडद्यावरून गायब होतं.

आपल्या घरांचा इतिहास काय सांगतो? कोरेगावच्या स्तंभावर ‘नाक’ शेवटी असलेली नावं कोरलीत. 1 जानेवारी 1818 ला पडलेली ही माणसं. लढाई कंपनीची होती, हे विसरू नका. पण पेशवाईत ज्याला माणूस म्हणून उभं राहता येत नव्हतं, त्याच्या हातात बंदूक आली होती. पुढं त्याच फौजेत मालोजी सकपाळ, त्याच फौजेत सुभेदार रामजी. रामजी लष्करी शाळेत मास्तर होते. 1891 साली महूच्या छावणीत भीमराव जन्मले. पलटणीनं आपल्या घरांना पगार दिला, पेन्शन दिली. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पाटी-पेन्सिल दिली.

आणि 1892 च्या सुमारास भरती बंद! साहेबानं ‘लढाऊ जाती’ नावाची वंशावळ काढली, त्यात आपण बसलो नाही. बाप सुभेदार, पोरगा पुन्हा येसकरकीला. फौजेतून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर अर्ज लिहीत राहिले. 1910 साली शिवराम जानबा कांबळ्यांनी थेट विलायत सरकारपर्यंत अर्ज नेला. दार हललं नाही. मग महायुद्धात माणूस कमी पडला आणि 1917 साली 111 वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपलं, 1921 साली मोडली. पुन्हा महायुद्ध, पुन्हा निकड. बाबासाहेबांनी रेटा लावला आणि 1 ऑक्टोबर 1941 ला बेळगावात महार रेजिमेंट सुरू झाली. तारखा लक्षात ठेवा. मरायला माणसं लागली की दार उघडतं, काम भागलं की बंद.

आणि पलटण मोडून नऊ वर्षं होत नाहीत तो याच नाशकात, 2 मार्च 1930 ला, काळाराम मंदिराची दारं आपल्या माणसांसमोर लावली गेली. लढाईत पोरगा चालला, देवळात बाप चालला नाही.

हे फक्त इथलंच नाही. अमेरिकेत सलिव्हन नावाचे पाच सख्खे भाऊ 1942 साली एकाच जहाजावर होते, पाचही गेले. बाप रेल्वेचा कामगार. 1944 साली त्यांच्यावर सिनेमा निघाला, साध्या घराला नाव मिळालं. चांगलं झालं. पण त्याच वर्षांत काळा जवान वेगळ्या पलटणीत सडत होता. हा भेद मोडण्याचा ट्रुमनचा हुकूम निघायला 1948 उजाडलं. काळ्या आईच्या पोरावर कुणी सिनेमा काढला?

कुणी म्हणेल, हुतात्म्याची जात कशाला काढता? दोस्तहो, ती आपण काढत नाही. शवपेटी गावात येते तेव्हा सगळा गाव जयजयकार करतो. तेराव्या दिवशी त्याच्या बायकोला पाण्यासाठी कुठं उभं केलं जातं, ते बघा. ज्या दिवशी हा सवाल विचारायची गरज उरणार नाही, त्या दिवशी जात नसलेला जवान पडद्यावर खुशाल दाखवा.

तोवर आपलं काम आपण करायचं. देवळालीला तोफखान्याची शाळा आहे, नाशिकरोडपासून गावोगावच्या वस्त्यांत निवृत्त फौजी आहेत. त्यांच्याकडं जा. ट्रंकेतली पेन्शनची कागदं, बिल्ले, पत्रं बघा, उतरवून घ्या. म्हाताऱ्यांना लढाईचं विचाराच, पण म्हाताऱ्यांच्या बायकांना आधी विचारा. मनीऑर्डर कुणी वाचून दाखवली, पोरं कुणी शाळेत घातली, गावानं काय वागवलं. हे लिहून आणा, पुढच्या बैठकीत वाचू. आपला सिनेमा कधी निघेल तेव्हा निघेल, त्याची कथा आतापासून गोळा झाली पाहिजे.

जयभीम!