जुना कॉम्प्युटर, पिवळं चिन्ह आणि खिशातला फोन

आजचा भाग छोटा आहे, पण घरात सेकंडहँड कॉम्प्युटर असेल तर शेवटपर्यंत ऐका.

आमच्या थेरगावात कंपनीतून निघालेला डेस्कटॉप घरी आणणं काही नवीन नाही. शेजारच्या काकूंनी डिप्लोमा करणाऱ्या मुलीसाठी असाच एक घेतला. नव्याने विंडोज १० टाकलं आणि इंटरनेट गायब! राउटरची केबल लावली तरी काही नाही. दुकानदार म्हणाला, "मदरबोर्ड गेलाय, बदलावा लागेल." म्हणजे पुन्हा खर्च.

मदरबोर्डला काहीही झालं नव्हतं. नव्हता तो ड्रायव्हर. ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि नेटवर्क कार्ड यांच्यामधला दुभाषा. तो डाउनलोड करायला इंटरनेट हवं आणि इंटरनेट चालायला तो हवा. किल्ली कुलपाच्या आत!

आधी तपासा. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. तिथे 'इथरनेट कंट्रोलर' किंवा 'नेटवर्क कंट्रोलर'वर पिवळं चिन्ह असेल, तर बातमी चांगली आहे. कार्ड कॉम्प्युटरला दिसतंय, फक्त ड्रायव्हर नाही. काहीच दिसत नसेल, तर बायोसमध्ये कार्ड बंद केलंय का ते बघा. हार्डवेअरवर संशय त्यानंतर घ्यायचा.

आता फोन काढा. अँड्रॉइड फोन केबलने जोडा आणि हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. विंडोज १० बहुतेक वेळा फोनलाच नेटवर्क कार्ड समजतं. केबल मात्र डेटावाली हवी, नुसत्या चार्जिंगची चालत नाही. फोन वाय-फायवर असेल तर मोबाइल डेटाही खर्च होत नाही. मग पिवळ्या चिन्हावर राइट क्लिक करून 'अपडेट ड्रायव्हर' करा, किंवा विंडोज अपडेट चालवा.

तरी नाही मिळाला? प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडीज असं जा. 'व्हीईएन'नंतरची चार अक्षरं कंपनी सांगतात. १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, ८०८६ म्हणजे इंटेल. हो, १९७८ च्या त्यांच्या गाजलेल्या प्रोसेसरचाच नंबर! काकूंच्या मशीनमध्ये १०ईसी निघालं. फोनवर रिअलटेकच्या साइटवरून ड्रायव्हर घेतला, केबलने कॉपी केला, इन्स्टॉल केला. खर्च शून्य.

तीन गोष्टी लक्षात ठेवा. ड्रायव्हर कॉम्प्युटर किंवा कार्डाच्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या. 'फ्री ड्रायव्हर अपडेटर'च्या नादी लागू नका. विंडोज ३२ बिट आहे की ६४ बिट, ते आधी बघा. आणि काम झालं की टेदरिंग लगेच बंद करा, नाहीतर विंडोजचे अपडेट दिवसभराचा डेटा गिळतील.

अजून एक. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुन्या मशीनवर लिनक्स हा चांगला पर्याय आहे, आणि त्यात बरेच नेटवर्क ड्रायव्हर आधीच असतात. त्यावर पुढच्या भागात बोलू.

तोवर कुणी "मदरबोर्ड गेला" म्हणालं, तर पैसे काढण्याआधी डिव्हाइस मॅनेजर उघडा. भेटूया!